पहिल्या इंचाची शंका

मी गज बोलतोय. खिडकीचा नव्हे, कापड मोजायचा. लाकडी, छत्तीस इंची, एका टोकाला पितळी टोपी असलेला. दुसऱ्या टोकालाही टोपी होती. ती कधी गेली हे मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. मला वाटतं, दुकानाचं शटर अडकलं होतं आणि टेलरमास्तरांनी माझं टोक खुपसून ते उचकटलं, तेव्हा. पण मास्तरांच्या बायकोनं माळ्यावरचा गठ्ठा पाडायला मला वापरलं होतं तेही आठवतं, आणि त्या दिवशीही काहीतरी टणकन पडल्याचा आवाज झाला होता. दोन्हींतलं एकच खरं असणार. सगळं आयुष्य आकड्यांत काढून मला एवढंही ठरवता येत नाही, तेव्हा माझं पुढचं बोलणंही जरा सांभाळूनच ऐका.

मोजमापाची साधनं करणाऱ्या एका कारखान्यात मला घडवलं. शिसवी लाकूड रंध्यानं चारी अंगांनी तासलं आणि तापलेल्या ठशांनी माझ्या पाठीवर आकडे डागले. एक ते छत्तीस. शून्याचा ठसा त्यांच्याकडे नव्हताच. शून्य म्हणजे माझं टोक, असं गृहीत होतं. तेव्हा मला ते फार मानाचं वाटलं होतं.

टोपीबरोबर लाकडाचा एक टवकाही उडाला. मास्तरांनी ते टोक कानशीनं घासून सरळ केलं. त्यात माझं तीन सूत अंग गेलं. तीन सूत म्हणजे इंचाचे तीन अष्टमांश. फार नव्हे. पण ज्याचं कामच मोजणं आहे त्याला तीन सूत म्हणजे अब्रूचा प्रश्न.

मास्तर नवा गज आणतील असं वाटलं होतं. त्यांनी तोडगा काढला. "एक सोडून," ते म्हणाले. म्हणजे माप एकच्या खुणेपासून धरायचं आणि शेवटी आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा. घरात सगळ्यांना ते इतकं अंगवळणी पडलं की मास्तरांची बायको चहात साखर घालतानाही पहिला चमचा मोजायची नाही, असं मास्तर तिला चिडवायचे.

गिऱ्हाइकांना मात्र ते पटायचं नाही. कापड टेबलावर पसरलं की माणूस सावध व्हायचा. मास्तर एकपासून का मोजतात, पहिला इंच जातो कुठे, असे प्रश्न त्याच्या कपाळावर दिसायचे. एक बाई तर घरून स्वतःची टेप घेऊन यायच्या. टेपेबद्दल मी काही बोलत नाही. ओढली तशी लांबते, सोडली तशी आखडते, अशा वस्तूची साक्ष लोक कशी मानतात, एवढंच मला कळत नाही. पण लोकांनी संशयानं बघितलं की मलाही माझा संशय यायचा. तीन सूत गेले ते माहीत होतं. बाकीचे पस्तीस इंच तरी खरे आहेत का?

या घरात सून आली तेव्हा माझ्या पाठीचे आकडे पुसट व्हायला लागले होते. मास्तरांचा मुलगा दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचा. दोन महिन्यांतून चार दिवस घरी. त्याला तिथे खोली मिळेना, आणि हिला इथे करमेना. सून बारावी झालेली होती. वर्तमानपत्रात मोजणी खात्याची जाहिरात आली. वर्षभराचं प्रशिक्षण, वीस जागा, पुढे नोकरी. बंदराच्या गावी खात्याचं कार्यालय होतं, नेमणूक तिथे मागता येत होती, आणि खात्याच्या माणसाला राहायला दोन खोल्या मिळत होत्या. म्हणजे परीक्षा पास झाली तर नवरा-बायको एका छपराखाली. वयाची अट होती. तिला ही एकच परीक्षा देता येणार होती.

साठ प्रश्न, साठ मिनिटं. त्यातले पहिले वीस वर्गमुळांचे. पदावली सोपं रूप देऊन लिहायच्या. बाकीच्या चाळिसांची तिला धास्ती नव्हती. या विसांनी तिची झोप उडवली. एकेका उदाहरणाला तिची तीन-तीन मिनिटं जायची.

दुपारी दुकान बंद असलं की ती कापणीच्या टेबलावर शिंप्याच्या खडूनं गणितं मांडायची आणि ओल्या फडक्यानं पुसायची. मी शेजारीच पडलेला असायचो. मला तिचाही संशय आला, खोटं कशाला सांगू. आकड्यांवर छप्पर घालून ही बाई काय लपवते आहे, असं वाटायचं.

संशय मास्तरांनाही आला, पण त्यांचा खडूबद्दल. चपट्या खडूच्या वड्या भराभर संपत होत्या. एका दुपारी ते जेवून लवंडले नाहीत, दबकत दुकानात आले आणि तिच्या मागे उभे राहिले.

"हे छप्पर कसलं?"

तिनं सांगितलं. वर्गमूळ. समजा चौकोनाची एक बाजू दोन, दुसरी दोन. दोनाचा वर्ग चार, दुसऱ्या दोनाचाही चार, मिळून आठ. त्या आठावर छप्पर घातलं की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी मिळते. आता त्या आठाच्या वर्गमुळाला सोपं करायचं आहे.

मास्तरांनी मला उचललं. टेबलावर एक इंची चौकोन आखला आणि त्याच्या कोपऱ्यांतून तिरकी रेघ मारली. या तिरक्या कापाला शिंपी उरेब म्हणतात. शेजारी दोन इंची चौकोन आखून त्याचीही उरेब मारली.

"बाजू दुप्पट, तर उरेब दुप्पट," ते म्हणाले. "यात सोडवायचं काय?"

सून त्या दोन रेघांकडे बघत राहिली. मग तिनं खडू घेऊन भराभर लिहिलं. दोनाचं वर्गमूळ म्हणजे एक उरेब. आठाचं म्हणजे दोन. अठराचं तीन, बत्तिसाचं चार, पन्नासाचं पाच. एरवी जे करायला तिला अवयव पाडत बसावं लागायचं ते नुसतं बघूनच होत होतं.

त्या दिवसापासून दुपारची शिकवणी सुरू झाली. छपराखाली शेवटी उरणाऱ्या आकड्याला मास्तर थान म्हणायचे, कापडाच्या ताग्याला म्हणतात तसं. कोण कोणाला शिकवतंय हे मला कधीच नीट कळलं नाही. मास्तर मशीनवर बॉबिन भरायला लावायचे. रिकामी बॉबिन भरायला साधारण मिनिट लागायचं, आणि तेवढ्यात तिनं उत्तर द्यायचं. सुरुवातीला एका बॉबिनीत अर्धं उदाहरण व्हायचं. महिन्याभरात तीन व्हायला लागली. दोरा इतका भरून झाला की मास्तरांनी पुढे वर्षभर बॉबिन भरली नसावी.

"बहात्तर?"

"सहा उरेब."

"अठ्ठ्याण्णव?"

"सात."

"पंचाहत्तर?"

"ते दोनाचं थानच नाही, मामंजी. तिनाचं आहे. पाच वेळा तीन."

"बरोबर. थान बघायचं आधी. दोनाचं थान तिनाच्या थानाला जोडायचं नाही. उरेबीला सरळ कापड जोडलं की शिवण ओढ घेते."

ती चुकायची तेव्हा मास्तर गणितातलं ओ की ठो न कळता तिची चूक पकडायचे. एकदा तिनं नऊ आणि सोळा यांच्या बेरजेचं वर्गमूळ सात लिहिलं, तीन आणि चार मिळून सात म्हणून. मास्तरांनी तीन बाय चारचा तुकडा आखला. "याची उरेब सात? मग कोपऱ्यातून कापायचंच कशाला? कडेकडेनं चालत जा की." मला टेकवून बघितलं तर पाच भरली. एकदा क्ष वजा पाच याच्या वर्गाचं वर्गमूळ तिनं क्ष वजा पाच असंच लिहिलं. क्ष म्हणजे कोण हे मास्तरांनी आधीच ठरवून टाकलं होतं, माप न देता गेलेलं गिऱ्हाईक. त्यांनी विचारलं, हा क्ष पाचापेक्षा लहान असला तर? ती म्हणाली, मग उत्तर उणं येईल. मास्तर म्हणाले, "उणं माप असलेला माणूस आणून दाखव. मी फुकट शिवीन." तिनं पुढे लिहिलं, क्ष लहान असेल तर पाच वजा क्ष.

सासूबाईंच्या कानावर आतल्या खोलीतून नुसते आकडे पडायचे. बत्तीस, चार. पन्नास, पाच. एक दिवस त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आकडा लावताय की काय दोघं, असं विचारलं. मास्तरांनी समजावलं. त्यांना पटलं नाही. त्या पुढे आठवडाभर खडूनं लिहिलेले आकडे पुसण्याआधी येऊन वाचून जायच्या.

सून संध्याकाळी ज्या क्लासला जायची तिथले सर फार संशयी होते. मी त्यांना दोष देत नाही, मी कोण देणार. पेपर फुटतात, मुलं कॉपी करतात, आणि पेपर काढणारा पहिला प्रश्न मुद्दाम सापळा म्हणून घालतो, या तीन गोष्टींवर त्यांची श्रद्धा होती. "पहिला सोडायचा," ते प्रत्येक बॅचला सांगायचे. "दुसऱ्यापासून सुरू करा, शेवटी वेळ उरला तर मागे या." सुनेला ते लगेच पटलं. आमच्याकडे तेच तर चालायचं.

सराव परीक्षेत तिनं वर्गमुळांचे वीस प्रश्न आठ मिनिटांत सोडवले. एकही चूक नाही, आणि कच्च्या कामाचा कागद कोरा. सरांनी तो कागद दोनदा उलटून पाहिला. दोन दिवसांनी पँटचं कापड घेऊन दुकानात आले.

मास्तर त्यांची कंबर घेत होते आणि सरांची नजर टेबलावर, भिंतीवर, कपाटामागे फिरत होती. शेवटी त्यांनी सुनेला हाक मारून एक कागद पुढे केला. √८क्ष² अधिक √१८क्ष² वजा √५०क्ष².

"सोडवा. माझ्यासमोर."

"शून्य, सर."

"मी अजून घड्याळ लावलं नव्हतं."

"दोन आणि तीन पाच. त्यातून पाच गेले."

सर हसले नाहीत. कच्चं काम कुठे आहे, असं विचारलं. सुनेनं मला उचलून त्यांच्या हातात दिलं. मग मास्तरांनी दहा इंची चौकोन आखला, उरेब मारली, आणि मोजा म्हणाले. सरांनी मला तुटक्या टोकापासून लावलं आणि साडेचौदा वाचलं. त्यांचा चेहरा उजळला. दहाची उरेब चौदा इंच आणि साधारण एक सूत यायला हवी, हे त्यांना पाठ होतं.

"तुमचा गजच खोटा आहे."

मला तोंड कुठे लपवावं तेच कळेना. इतकी वर्षं जी भीती वाटत होती ती एका शिकलेल्या माणसानं तोंडावर बोलून दाखवली होती.

"एक सोडून मोजा, सर," मास्तर शांतपणे म्हणाले.

सरांनी एकच्या खुणेपासून लावलं. पंधरा आणि एक सूत. एक वजा केला. मग माझं तुटकं टोक अंगठ्यानं चाचपलं. जाताना पँटीला पुढे दोन चुण्या घाला म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी सून साडेअकराला परतली. चप्पल न काढता सरळ दुकानात आली आणि टेबलाला टेकून उभी राहिली. उत्तरं कागदावर लिहायची नव्हती, छापील रांगांतले गोल काळे करायचे होते. रांगा साठांहून जास्त होत्या आणि त्यांना क्रमांक नव्हते. तिनं पहिला प्रश्न न वाचताच सोडला. दुसऱ्यापासून सुरू केलं. पाच मिनिटं उरली असताना साठावा झाला. आणि तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. पहिला प्रश्न सोडला, पण पहिली रांग सोडली होती का? की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या रांगेत गेलं आणि पुढची सगळी एकेक घर वर सरकली? उत्तरपत्रिकेत वरच्या रांगांवर पर्यवेक्षकानं मधेच येऊन चिठ्ठी डकवली होती, ती हलवायची मनाई होती. ती खालून वर एकेक रांग पडताळत गेली. गोंधळून पुन्हा मोजली. घंटा झाली तेव्हा ती कुठल्या रांगेवर होती हेही तिला सांगता येईना.

"एक सोडला," ती म्हणाली. "पण वजा केला की नाही, ते आठवत नाही, मामंजी."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. तसं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

यादी तीन महिन्यांनी लागली. नुसती वीस नावं, गुण नाहीत. तिचं नाव नव्हतं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, निदान असं सगळे समजून चालले. सासूबाईंनी ते तोंडानं सांगितलं नाही. त्या टेबलापाशी आल्या, मला उचललं आणि मागच्या खोलीच्या खिडकीला टेकू लावून ठेवलं. मास्तरांनी अॅल्युमिनियमची पट्टी आणली. शून्यापासून सुरू होणारी.

खिडकीत मी सहा वर्षं होतो. तिथून अंगण दिसायचं आणि दर दोन महिन्यांनी पिशवी घेऊन येणारा मास्तरांचा मुलगा दिसायचा. चौथ्या दिवशी तो जायचा तेव्हा सून फाटकापर्यंत जायची आणि परत येताना खिडकीकडे बघायची नाही. बंदर सोडून तो कायमचा घरी आला तेव्हा त्याचे कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. या सहा वर्षांचा हिशेब मी रोज माझ्याच नावावर मांडत होतो. तीन सूत, आणि त्यातून एवढं.

मला खिडकीतून काढलं ते सरांनी. एकदा ते पँट उसवून घ्यायला आले आणि सुनेला म्हणाले की वर्गमुळांची बॅच तुम्ही घ्या, माझ्याकडून मुलं पाठ करतात आणि विसरतात. ती नाही म्हणाली. ते पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा तिनं विचारलं, कच्चं काम तपासणार का? सर म्हणाले, नाही. मग ती तयार झाली. दुसऱ्या दिवशी तिनं खिडकी उघडली, मला घेतलं, आणि खिडकीला वीट लावली.

परीक्षेला बारा वर्षं झाली तेव्हा खात्याचा नियम बदलला. अर्ज केला की जुनी उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका, दोन्हींची प्रत मिळायला लागली. सुनेनं अर्ज केला नाही. मास्तरांनी केला, तिच्या सहीसाठी कागद पुढे सरकवत, जणू काही विजेच्या बिलाची तक्रार आहे. त्यांना जायच्या आधी एवढं कळून घ्यायचं होतं, की एक सोडायची सवय लावून आपण तिचं घर मोडलं की नाही. त्यांनी हे मला सांगितलं नाही. पण माझ्यावर हात ठेवून बसायचे, त्यावरून मी ताडलं. चूक असेल माझी.

पाकीट आलं. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून तिनंच वाचलं.

"रांगा सरकल्यात?" त्यांनी विचारलं.

तिनं बोट ठेवत सगळ्या रांगा उतरून बघितल्या. "नाही. सगळी उत्तरं जागच्या जागी आहेत."

"मग?"

"पन्नास गुण. निवड झालेल्या शेवटच्याचे एक्कावन्न."

"आणि पहिला?"

"पहिली रांग कोरी आहे."

तिनं प्रश्नपत्रिकेचा कागद उघडला, पहिली ओळ वाचली आणि घडी घालून टाकली.

"अवघड होता का गं, पोरी?"

"फार अवघड होता, मामंजी. वाचला असता तरी आला नसता मला."

मास्तरांनी बसल्या बसल्या एक लांब श्वास सोडला. मी खूप वर्षांनी त्यांचे खांदे खाली आलेले पाहिले. मग ते म्हणाले, सर सांगत होते ते खरंच होतं म्हणायचं, सापळाच असतो. ती हो म्हणाली. मला मात्र तिचं बोलणं फार झटपट वाटलं. ती उत्तर नुसतं बघून द्यायची तेव्हा जशी बोलायची, तसं.

मास्तर आता नाहीत. मी तिच्या वर्गात खिळ्याला टांगलेला असतो. मुलं-मुली मला उतरवतात, चौकोन आखतात, उरेबी मोजतात. नवीन मुलगी तुटक्या टोकापासून मोजते आणि माझ्याकडे संशयानं बघते. बघू दे. माझ्यावर शंका घ्या, माझी काही हरकत नाही, मी स्वतःवर कमी घेतलेली नाही. फक्त जे सोडलंत तिथे परत या, एवढं माझं मागणं आहे. आमच्या वर्गात कोणीही पहिला प्रश्न मोठ्यानं वाचल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही. असं का, ते बाई कोणाला सांगत नाहीत.

गेल्या वर्षी भिंतींना रंग द्यायचा होता तेव्हा कापणीच्या टेबलाचा खण रिकामा केला. कागद वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर मला ठेवलं. सगळ्यांत वर तीच घडी होती, उलगडलेली. पहिला प्रश्न होता, √१८क्ष² अधिक √३२क्ष² वजा √९८क्ष², सोपं रूप द्या. त्याच्यापुढे कधीतरी शिंप्याच्या खडूनं, तिच्याच अक्षरात, शून्य लिहिलेलं होतं.